गाळणीत उरलं ते

नवीन पनवेल
९ जुलै २०२२

प्रिय इनॉकदादा,

शालोम. एलिशेबावहिनी गेली तेव्हा आपण फोनवर बोललो, त्यानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. आणि आज लिहितेय ती कामासाठी. आतेभाऊ म्हणून रागावायचा हक्क तुला आहे, पण आधी हे ईमेलवरचं पत्र पुरतं वाच.

माझं वर्कशॉप तू पाहिलेलं नाहीस. आम्ही रंग गाळायच्या गाळण्या बनवतो. कागदाचा शंकू आणि टोकाशी नायलॉनची बारीक जाळी. डब्यात पडून पडून रंगावर साय धरते, तळाला गाठी होतात, ब्रशचे केस आणि गंजाचे कपचे असतात ते वेगळेच. त्यातला एक कण जरी स्प्रे गनमध्ये शिरला तरी गाडीच्या नव्या दरवाजावर थुंकल्यासारखा डाग पडतो. म्हणून गॅरेजवाले आधी रंग आमच्या गाळणीतून ओततात. न्हावा शेव्याकडे जहाजं रंगवणारे आमच्याकडून मोठ्या पिशव्या नेतात, बादलीत बसणाऱ्या. आम्ही तिघीजणी आहोत. त्यातली शांती अगदी पहिल्या दिवसापासूनची, उरणकडच्या कोळीवाड्यातली. तिच्यासाठीच हे पत्र.

शांतीचा नवरा धर्मराज खाडीकाठच्या एका तळ्यात जिताडा वाढवतो. तुला जिताडा आठवत असेलच. पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं समुद्राकडून खाडीत चढतात. धर्मराज ती एका चिंचोळ्या नाळेतून पकडतो आणि तळ्यात सोडतो. त्याचा बाप हेच करायचा, आजोबाही. या वर्षी त्या नाळेच्या तोंडावर भराव पडतोय. रस्ता होणार आहे. पुढच्या पावसात तिथून पाणीच आत येणार नाही. म्हणून धर्मराजने वाट न बघता जी मिळाली ती पिल्लं धरून आणली. एरवी बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्लाला तो हात लावत नाही. ही मात्र पापणीच्या केसाएवढी आहेत.

काल मी मुद्दाम जाऊन पाहिली. पडवीत निळी टाकी, पाणी गढूळ. उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून घातला होता, तो कुजून तळाला बसलेला. पिल्लं त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. धर्मराज टाकीशी उकिडवा बसून होता. मला म्हणाला, "ताय, हलणारा घास पायजे त्यांना. पन यांच्या तोंडात मावंल एवढा बारीक जीव मी खयसून आनू?"

तू तिकडे समुद्रापलीकडे, एलातमध्ये इतकी वर्षं मासे जन्माला घालायच्या कारखान्यात होतास. तिथे एवढ्याशा पिल्लांना काय भरवतात? जे असेल ते लवकर कळव. रोज सकाळी शांती मेलेली पिल्लं मोजत नाही, नुसती उपसते आणि मग कामाला येते.

तुझी,
रेबेका


एलात
१० जुलै २०२२

प्रिय रिबू,

शालोम. रागावलो नाही. आपली माणसं कामासाठी का होईना, आपल्याला आठवतात याचंच मला बरं वाटलं. इथे मराठी बोलायला कोण उरलंय? मुलगा अवीव मराठीत फक्त जेवायला मागतो. तेव्हा माझ्या भाषेत काही विचित्र आलं तर समजून घे.

ऐक. मुंबईला रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात जा आणि आर्टेमियाची अंडी माग. छोट्या डब्यात मिळतील. उघडशील तेव्हा वाटेल की फसवलं, कारण आत नाचणीच्या पिठासारखी तपकिरी पूड असेल. कोरडी, वास नाही, काही नाही. ही खाऱ्या पाण्यातल्या एका जीवाची अंडी आहेत, कोळंबीच्या दूरच्या बहिणीची. मिठागराचं पाणी आटलं की हा जीव अंडी घालून मरतो आणि अंडी धुळीत पडून राहतात. ऊन लागो, थंडी पडो, वर्षामागून वर्षं जावोत. आत जो कोण आहे तो थांबलेला असतो. मेलेला नाही आणि जिवंत म्हणावं असंही त्याच्यात काही चालू नसतं. पाणी मिळालं की उठतो.

पाण्याच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांग. समुद्राइतकं खारट पाणी कर, जाडं मीठ घाल. त्यात दोन चमचे आनंदी टाक. खालून हवेचे बुडबुडे सोड, माशांच्या टाकीला लावतात तो पंप चालेल. एक दिवस थांब. मग पंप बंद कर, बाटलीवर काळं कापड घाल आणि फक्त खाली, झाकणापाशी उजेड धर. रिकामी टरफलं वर तरंगतील. पिल्लाच्या पोटात टरफल गेलं तर ते तिथेच अडकतं, म्हणून ती येऊ द्यायची नाहीत. जिवंत असतील ते उजेडाकडे येतील. ते खालून सोडून घे.

आणि आता तुझं काम. ते पाणी गाळायला हवं. खारं पाणी पलीकडे जायला हवं आणि जीव अलीकडे राहायला हवेत. इथे आम्ही कोणती जाळी वापरायचो, सांगू? ऑटोमोबाइलचा रंग गाळायची. हो, तुझीच. तुझ्या कपाटातली एकशेवीस मायक्रॉनची जाळी काढ.

गोड्या पाण्याने हलक्या हाताने धू आणि पिल्लांना घाल. मग मला लिही. फोटो पाठवायची गरज नाही. काय दिसलं ते लिही, सगळं.

तुझा,
इनॉक


नवीन पनवेल
१५ जुलै २०२२

प्रिय दादा,

आधी हसून घेते. तू लिहिलंस, "दोन चमचे आनंदी टाक." शांतीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हे कुठे मिळतं ते विचारा. बोटं जाड झाली का तुझी?

आनंदी घातली. आता काय झालं ते ऐक.

वर्कशॉपमध्येच मांडलं, कारण कोळीवाड्यात वीज जाते. शांतीने पूड तळहातावर घेऊन फुंकर मारली तर उडाली. म्हणाली, "ताई, ह्याच्यात जीव हाय म्हनता? तपकीर हाय ही." मलाही तसंच वाटत होतं, पण तुझ्यासाठी गप्प राहिले. दिवसभर पाण्यात ती पूड घुसळत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तेव्हा पाण्याचा रंग बदलला होता. तपकिरी गेला होता आणि विरघळलेल्या केशरासारखं काही झालं होतं. पंप बंद केला, काळं कापड घातलं, शांतीने खाली मोबाइलची बॅटरी धरली.

पहिल्यांदा काहीच नाही. मग पाण्यात धुराची एक वेल उतरावी तसं वरून काहीतरी खाली यायला लागलं. नारिंगी. हळूहळू. सगळीकडून निघून एका जागी. शांतीने बॅटरी डावीकडे नेली तर तो सगळा ढग डावीकडे वळला. उजवीकडे नेली तर उजवीकडे. तिच्या हाताला कंप सुटला, तर पाण्यातही कंप. ती बॅटरी खाली ठेवून दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "बगतायत, ताई. ह्ये आपल्याला बगतायत."

दादा, तो डबा कुठल्या दुकानाच्या फळीवर किती काळ पडून होता, देव जाणे. माझ्या तोंडातून आपोआप बराखा आली, देवाचे आभार मानणारी. एवढ्या वर्षांत वर्कशॉपमध्ये मी बराखा म्हणाल्याचं मला आठवत नाही.

गाळताना माझी एक फजिती झाली. मी सवयीने शंकू धरला, पाणी ओतलं, खाली पडलं ते भांड्यात जपून ठेवलं आणि गाळणी कचऱ्याच्या डब्याकडे नेली. शांतीने माझा हात धरला. आयुष्यभर मी हेच केलंय ना! गाळणीतून गेलं ते कामाचं, गाळणीत उरलं तो कचरा. जाळीच्या टोकाशी चिमूटभर नारिंगी शेवाळ चिकटल्यासारखं होतं. ते सगळे जिवंत होते.

धर्मराजने ते टाकीत सोडलं. पिल्लं आधी जागची हलली नाहीत. मग एकाने शरीर इंग्रजी एससारखं वाकवलं आणि झेप घेतली. मग दुसऱ्याने. थोड्या वेळाने प्रत्येक पिल्लाच्या पोटात बारीक नारिंगी ठिपका होता. इतकी पारदर्शक आहेत ती, की कोण जेवलं आणि कोण उपाशी हे वरून कळतं. धर्मराज टाकीवर ओणवा होऊन बघत होता. "ह्यो जेवला," म्हणायचा. "ह्यो बी जेवला. तू कवा जेवशील रं?"

व्हिडिओ सोबत पाठवलाय. बघच.

तुझी,
रेबेका


एलात
१६ जुलै २०२२

प्रिय रिबू,

तुझं पत्र मी तीनदा ऐ वाचलं. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा तिशीच्या आत होतो, या वाळवंटात नवा आलेलो, हिब्रू धड येत नव्हती. आमच्या साहेबाने मला काचेच्या नळ्याकडे उभं केलं आणि दिवा लावला. मी मराठीत ओरडलो. काय ओरडलो ते तुला सांगत नाही. पण त्या दिवसापासून ही नोकरी सोडायचं मनात आलं नाही.

आता थोडं काम. गाळणी कोरडी पडू देऊ नकोस. जाळीवर पाणी संपलं की हे जीव एकमेकांखाली चेंगरतात. जाळीचा तळ नेहमी पाण्यात बुडलेला ठेव. आणि पिल्लांमध्ये जी मोठी होतील ती वेगळी काढा, नाहीतर भाऊ भावाला खाईल. जिताड्याची जातच तशी आहे. मोठ्या भोकांच्या जाळीची टोपली करा, लहान पिल्लं तिच्यातून आपणहून पोहून बाहेर येतील.

आता मला सांग. नारिंगी म्हणजे कोणतं? पिकलेल्या पपईचं, की झेंडूचं? पिल्लांच्या अंगाचा रंग काय? डोक्यावरून पाठीपर्यंत पांढरी रेघ दिसायला लागली का? ती आली की समजायचं, आता हे जिताडे झाले. धर्मराजची टाकी उजेडात आहे की सावलीत? पाण्यावर उजेड कुठून पडतो? शांती कशी दिसते? तिचा आवाज मला ऐकू आला तुझ्या पत्रातून.

लवकर लिही. थोडक्यात नको.

तुझा,
इनॉक


नवीन पनवेल
२ ऑगस्ट २०२२

प्रिय दादा,

पत्राला उशीर झाला. ऑर्डरी होत्या. बाकी इकडे सगळं ठीक.

एक विचारायचं होतं. नायलॉनला थिनर लागलं असेल तर ते किती दिवस त्यात राहतं? वास गेला म्हणजे थिनर गेलं असं असतं का? सहज विचारतेय.

आणि रंगांचं विचारत होतास. झेंडूचं नारिंगी. एवढं पुरे का? खरं सांगू, तुझ्या प्रश्नांनी मला शाळेची आठवण झाली. व्हिडिओ पाठवलाय, त्यात सगळं आहे, त्याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस आणि वर मला विचारतोस उजेड कुठून पडतो. माझी परीक्षा घेतोयस का? मला लिहायला येत नाही, दादा. मी गाळण्या बनवणारी बाई आहे.

तुझी,
रेबेका


एलात
३ ऑगस्ट २०२२

प्रिय रिबू,

किती मेली?

थिनर नायलॉनमध्ये मुरतं. वास आपल्याला येत नाही, तेवढ्यानेही पिल्लं मरतात. तू "सहज" विचारलंस तेव्हाच मला कळलं. हे आमच्याकडेही झालंय, पूर्ण खोलीभर टाक्या गेल्या होत्या, आणि ज्याच्या हातून झालं तो पुढे आमच्यातला सगळ्यात सावध माणूस झाला. तो मी नव्हतो. मी असतो तर सांगितलं असतं.

तू एक लपवलंस, मीही एक लपवलं. व्हिडिओबद्दल मी काही लिहिलं नाही कारण मी तो पाहिला नाही. मला दिसत नाही, रिबू.

दोन वर्षं होत आली. डोळ्याचा मधला भाग गेलाय. कडेला थोडा उजेड असतो, त्यात माणूस आहे की दरवाजा आहे एवढं कळतं. एलिशेबा असताना सुरू झालं, तिला मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही, तिचंच दुखणं मोठं होतं. पत्र मी फोनला बोलून लिहितो. त्याने अंडीची आनंदी केली ती मला कशी दिसणार? तुझी पत्रं फोनमधली एक बाई वाचून दाखवते. तिला शांतीची भाषा वाचता येत नाही, फार अडखळते. मग मी ते वाक्य माझ्या तोंडाने पुन्हा म्हणून बघतो.

तुझी परीक्षा नव्हती. तू लिहिलंस की ढग बॅटरीमागे वळला, तेव्हा मला तो वळताना दिसला. दोन वर्षांत मला दिसलेली ती पहिली गोष्ट. म्हणून मी हावऱ्यासारखं विचारत सुटलो.

तुला लिहायला येतं. आता काय झालं ते लिही.

इनॉक


नवीन पनवेल
१० ऑगस्ट २०२२

दादा,

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये वाचलं आणि मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. शांती आली. तिला सांगितलं. ती माझ्याजवळ उभी राहिली. आता मी तुला सगळं सांगते, आणि थोडक्यात सांगत नाही.

आम्ही प्रत्येक लॉटमधल्या काही गाळण्या थिनर ओतून तपासतो, जाळी सुटते का बघायला. त्या तपासलेल्या गाळण्या वाळवून मी बाजूला ठेवलेल्या. चांगल्या वस्तू फेकवत नाहीत मला. त्यातलीच एक घेतली. वास घेऊन बघितला होता, दादा, नव्हता येत. दुसऱ्या दिवशी शांतीचा फोन आला, "ताई, या." नुसतं एवढंच.

टाकीचं पाणी स्वच्छ होतं आणि पाण्यावर राखाडी काड्या पसरल्यासारखं दिसत होतं. निम्म्याहून जास्त गेली. काही तळाशी गोल गोल फिरत होती. मी धर्मराजला सांगितलं, माझ्या गाळणीने झालं. तो उठून अंगणात गेला, तोंडावर पाणी मारलं, परत आला. म्हणाला, "तुमी नसता तर सगलीच गेली असती, त्ये बी बगा." पण त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं. त्याच दिवशी नाळेचं तोंड बुजलं होतं. डंपर येऊन गेला होता. आता उरली ती एवढीच.

मी दोन दिवस तिकडे गेले नाही. शांती मात्र कामाला येत राहिली, माझ्यासमोर बसून शिवत राहिली. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, नवी गालनी कवा करायची?"

मग केली. कोरं कापड ताग्यातून काढलं, नव्या कात्रीने कापलं, उकळत्या पाण्यातून तीनदा काढलं. कागद नाही, गोंद नाही. पाइपच्या एका रुंद कड्यावर जाळी ताणून बसवली, शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, कारण आतल्या शिवणीत ते जीव अडकून मरतात हे शांतीने आधीच हेरलं होतं. कड्याला तीन पाय लावले, म्हणजे गाळणी परातीत उभी राहते आणि तिचा तळ कायम पाण्यात. दिसायला अगदी साधी वस्तू आहे. पण ती हातात घेतल्यावर मला जे वाटलं ते आजवर दुसऱ्या कुठल्या गाळणीने वाटलं नव्हतं. ती कशाला अडवण्यासाठी नव्हती, सांभाळण्यासाठी होती.

आता तू विचारलेलं.

टाकी पडवीत पूर्वेकडे आहे. सकाळी उजेड तिरपा येतो आणि माडाच्या झावळ्यांतून येतो, म्हणून पाण्यावर पट्टे पडतात, काळे पांढरे, सतत हलणारे. पिल्लं पांढऱ्या पट्ट्यात थांबत नाहीत. काळ्यातून काळ्यात जातात. शांती उंच आहे, सावळी, कपाळ मोठं, हसली की एका गालाला खळी पडते. धर्मराज तिच्यापेक्षा बुटका, पाय बाहेर फाकलेले, होडीत उभं राहून राहून.

जाळीची भोकं मोजायचं माझं एक भिंग आहे, छोटंसं, चौकटीवर उभं राहणारं. परवा मी एक पिल्लू चमच्यात घेतलं आणि भिंगाखाली धरलं. आता ऐक. अर्धं काचेचं आणि अर्धं शाईचं. डोळा केवढा मोठा, काळा, त्याभोवती सोन्याची कडी. कल्ल्यामागे एक लाल ठिपका होता. मला वाटलं जखम. मग तो उघडमीट करायला लागला. दादा, ते त्याचं हृदय होतं. सुईच्या टोकाएवढं. टकटक, टकटक. माझ्या मनगटाची नाडी लागते त्याच्यापेक्षा किती तरी घाईत. आणि त्याच्या खाली, पोटात, त्याने नुकताच गिळलेला नारिंगी जीव अजून पाय हलवत होता. एकाच्या आत दुसरा, दोघंही चालू.

शांतीला दाखवलं. तिने बघितलं आणि चमचा दोन्ही हातांनी धरून, प्रसाद न्यावा तसा, टाकीपर्यंत नेला.

पांढरी रेघ आली आहे. डोक्यावरून थेट पाठीपर्यंत. सगळ्यांना.

रेबेका


एलात
२० नोव्हेंबर २०२२

प्रिय रिबू,

तुझी मधली पत्रं पाठ झाली आहेत. टोपलीतून लहान पिल्लं बाहेर येतात आणि दांडगट आत राहतात, ते वाचून मी एकटाच हसत बसलो. आता सगळी तळ्यात गेली हे कळलं. तळ्यात गेलेला मासा दिसत नाही, तू लिहितेस. म्हणजे आता तू आणि मी सारखेच.

मी येतोय. अवीव म्हणाला, तुला दिसत नाही, तू तिकडे जाऊन बघणार काय? मी म्हणालो, तिकीट काढ. दोन दिवसांनी तो स्वतःचंही काढून आला. फेब्रुवारीत.

इनॉक


नवीन पनवेल
२२ नोव्हेंबर २०२२

दादा,

ये. शांती विचारतेय तुला तिखट चालतं का. मी हो सांगितलंय. मलिद्याची तयारी करते, गोड पोहे, फळं, सगळं. तू सुखरूप पोचलास की आपल्या संदेष्ट्याच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावाने घालायचा, मी नवस बोलले आहे.

रेबेका


एलात
५ मार्च २०२३

प्रिय रिबू,

सुखरूप पोचलो. अवीव इथे सगळ्यांना तुझ्याकडच्या मलिद्याचे पोहे कसे लागतात ते सांगत सुटलाय. पण मी एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. सांगू शकलो नाही. विमानतळावर तू दोनदा विचारलंस की दादा, गप्प का, आणि मी दमलो म्हणालो.

त्या संध्याकाळी तू आणि अवीव शांतीच्या घरी चहाला थांबलात आणि धर्मराज मला तळ्यावर घेऊन गेला, ते आठवतं ना? त्याने माझा हात असा धरला होता, की पुढे खड्डा असला तर त्याचा हात आधी खाली जायचा आणि मला आपोआप कळायचं. बांधावर त्याने गोणपाट टाकलं, मला बसवलं. चिखलाचा वास, तिवरांचा वास. दूरवर ट्रकांची घरघर. ज्या बाजूला नाळ होती असं तू लिहिलं होतंस, त्या बाजूने आता ट्रक जातात.

मी विचारलं, "आहेत का रे?"

तो म्हणाला, "हायत. थांबा, दादा. दिस कलू द्या."

मी बसलो. तुला सांगतो, मला भीती वाटत होती. मी आयुष्यात इतकी पिल्लं वाढवली, पण ती टँकरमधून दुसरीकडे जायची. मोठी झाल्यावर ती मला कधी भेटली नाहीत. आणि इथे, जी मी एका क्षणासाठीही पाहिली नाहीत, त्यांच्यासाठी समुद्रावरून उडून आलो होतो. आणि तळं अगदी गप्प होतं. मला वाटलं, हा माणूस भला आहे, मला वाईट वाटू नये म्हणून आहेत म्हणतोय.

मग धर्मराजने जिवंत कोळंबीची मूठ टाकली. पाण्यावर पाऊस पडल्यासारखा बारीक आवाज झाला. पुन्हा शांत.

आणि मग तळं फुटलं. दुसरा शब्द मला येत नाही. उजवीकडे एक धप्पकन आवाज झाला, मोठ्या माणसाने तळहात पाण्यावर आपटावा तसा. जिताडा तोंड उघडून पाणीच आत ओढतो आणि जबडा मिटतो, त्याचा आवाज. मग डावीकडे. मग समोर, मग एकाच वेळी चार ठिकाणी, मग मला मोजताच येईना. माझ्या तोंडावर पाणी उडालं. त्या आवाजांवरून मला तळ्याचा काठ कळला, त्याची लांबी कळली, कोपरा कुठे वळतो ते कळलं. रिबू, दोन वर्षांहून जास्त काळ माझ्यासमोर नुसतं धुरकट काहीतरी असतं. त्या संध्याकाळी माझ्यासमोर तळं होतं. पुरतं. आणि ते भरलेलं होतं.

मी रडत होतो की नाही मला ठाऊक नाही, तोंड ओलंच होतं.

धर्मराज कधी पाण्यात उतरला मला कळलं नाही. पाणी खळबळलं, तो धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "हात पुढं करा. दोनी. घट नको, पन सैल बी नको." माझ्या हातांवर त्याने ओला जाळीचा तुकडा ठेवला आणि त्यात तो होता. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचा. थंड. मी अंगठ्याने चाचपत डोक्यावरून पाठीकडे गेलो. खवले सगळे एका दिशेने बसलेले, इतके नीट. मग मी कल्ल्यामागे बोट ठेवलं, जिथे तू भिंगातून बघितलं होतंस. तिथे ठोके लागत होते. आता घाई नव्हती त्यांना. सावकाश, जड. त्याच्या अंगात एवढी ताकद होती, की तो हलला नाही तरी माझे खांदे थरथरत होते.

"सोडा," धर्मराज म्हणाला. मी वाकलो, हात पाण्यात नेले आणि उघडले. तो लगेच गेला नाही. एक क्षण माझ्या बोटांमध्ये तसाच उभा राहिला. मग शेपटीचा एक फटका बसला आणि हात रिकामे झाले.

मी पुन्हा गोणपाटावर बसलो. ट्रक जात होते. मग धर्मराजने विचारलं, "कसा वाटला, दादा?"

मी म्हणालो, "मोठा झालाय रे."

तुझा,
इनॉक